आधीच झालं

१

साठी ओलांडली की माणूस पोटाचं वजन कमी करत नाही, पिशवीचं करतो. मी आणि तेगिद दोघेही त्यातलेच. दर शुक्रवारी दुपारच्या चहाला मी त्याच्या घरी जायचो. त्याची बायको नेस्टा पीठ मोजायचा काटा टेबलावर आणून ठेवायची आणि माझ्या सॅकमधली एकेक वस्तू त्यावर चढायची. "तो बारा ब्रीथचा तिसरा तुकडा खाली ठेवलास ना इद्वल, तर बॅटरी मोठी नेता येईल," नेस्टा म्हणायची. मी तुकडा खाली ठेवत नसे. आमच्याकडचा, चहात भिजवलेल्या मनुकांचा असला केक खाली ठेवायला काळीज दगडाचं लागतं.

आमचा नाद सांगायला सोपा आणि घरच्यांना पटवायला अवघड. रेडिओ पाठीवर टाकून डोंगर चढायचा, माथ्यावर मासेमारीची काठी उभी करून तिला तार बांधायची आणि मोर्सच्या टिंब-रेघांत जगाला हाक मारायची. चार जणांनी तरी ओ दिली, तर तो डोंगर आणि त्याचे गुण तुमच्या खात्यात. एका माथ्यावरून एका माणसाशी दिवसात एकदाच बोलणं धरतात. पुन्हा हाक मारलीत तर तो फक्त दोन खुणा पाठवतो, बी आणि चार. बी-फोर. आधीच झालं बाबा, पुढे चल.

त्या वसंतात माझ्या हृदयात स्टेंट बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोंगर चढा, पण हमाली बंद. हमाली म्हणजे माझा डबा. पाव ठेवायच्या पत्र्याच्या डब्यात मी स्वतः जोडलेला संच, शिशाची बॅटरी, मोर्स ठोकायची पितळी कळ. उचलला की खांदा कुरकुरायचा. त्याची कळ दाबली की सूर आधी जरासा घसरायचा आणि मग सावरायचा, चिर्र असा. त्या चिर्रवरून निम्मा युरोप मला ओळखत असे, नाव पाठवायच्या आधीच.

तेगिदनं त्या डब्याच्या जागी काय काय आणलं. साबणाच्या वडीएवढा रेडिओ. पाकिटात मावेल अशी बॅटरी. शिवणाच्या दोऱ्याहून जरा जाड तार. स्पीकर नको, कानात घालायची बोंडं घे. पितळी कळ नको, ही प्लॅस्टिकची घे. पेन्सिलसुद्धा त्यानं कापून अर्धी केली. मी म्हटलं, एवढं हलकं घेतलं तर आवाज बारीक होणार. तो म्हणाला, "आता कुणावर ओरडायचंय तुला? ऐकणारा ऐकतो."

ते मात्र खरं होतं. आमच्या डोंगरांवर मोबाइल म्हणजे नुसता दगड. मी वर असलो की तेगिद खाली कानाला यंत्र लावून बसायचा. मी बोलावलं तर तो माणसं घेऊन येणार, आणि त्यानं ऐकलं नाही तर कुणीच येणार नाही, असा सरळ हिशेब होता. बेथ, माझी बायको, गेल्यापासून माझी वाट बघणारा जगात तो एकटाच होता.

डबा न्यायला मी हात घातला तेव्हा त्यानं तो आपल्याकडे ओढला. "हा राहू दे इथंच. तुझ्या घरी ठेवलास तर गुपचूप सॅकमध्ये भरशील." मी हसलो, पण डबा सोडताना पोरगी सासरी धाडावी तसं झालं.

२

नवं सामान घेऊन पहिल्यांदा चढलो तो डोंगर लहानसाच होता. पाठीवर काही आहे असं वाटतच नव्हतं. सॅक विसरलो की काय म्हणून मी दोनदा मागे हात लावून पाहिला.

माथ्यावर ऊन होतं, मेंढ्या होत्या. काठी उभी केली, बोंडं कानात घातली, हाक दिली. सगळ्यात आधी उत्तर आलं ते नेहमीप्रमाणे जर्मनीतल्या होर्स्टचं. होर्स्ट निवृत्त गणिताचा मास्तर, दिवसभर खुर्चीत बसून आमच्यासारख्यांना पकडत असतो. त्यानं माझं नाव नीट उचललं आणि मग पाठवलं, बी-फोर.

मला हसू आलं. म्हातारा चष्मा विसरला असेल. पुन्हा हाक दिली. एका स्पॅनिश बाईनं ओ दिली, आणि बी-फोर. एका डेन्मार्कवाल्यानं, बी-फोर. त्यानं वर सौजन्यानं जोडलं, सकाळी आवाज मोठा होता, आता बारीक झालाय.

सकाळी मी घरी अंडं उकडत होतो.

माणसाचं डोकं अशा वेळी वकिलासारखं चालतं. मिळतंजुळतं नाव असेल कुणाचं. एकानं चुकीचं लिहिलं असेल, बाकीच्यांनी पाहून ओढलं असेल. हे सगळं पटण्यासारखं होतं आणि मी ते पटवून घेतलं. चार नवीन माणसं कशीबशी मिळवली आणि उतरलो. उतरताना मात्र हलकी सॅक मला आवडली नाही.

३

तेगिदला सांगितलं तर तो हसला. जरा जास्तच हसला, आणि हसताना कपात बघत होता. "नाव वाढतंय तुझं," म्हणाला. "तोतया निघाला म्हणजे माणूस मोठा झाला."

मी शेडमध्ये डोकावलो. फळीवर डबा नव्हता. कुठंय विचारलं तर म्हणाला, "वर ठेवलाय." मी मान वर करून माळ्याकडे पाहिलं.

दोन दिवसांनी होर्स्टचा ईमेल आला. तो मास्तर माणूस, पुराव्याशिवाय बोलत नाही. त्या सकाळचं माझं बोलणं त्यानं ध्वनिमुद्रित केलं होतं. मी स्वयंपाकघरात उभा राहून ते लावलं.

प्रत्येकाची मोर्स पाठवायची एक लकब असते. आमच्यात तिला मूठ म्हणतात. अक्षरावरून जसा माणूस कळतो तसा मुठीवरून कळतो. हवेतलं आमचं नाव म्हणजे परवान्यावरची अक्षरं, आणि माझ्यातलं शेवटचं अक्षर आहे के, रेघ-टिंब-रेघ. त्यातली शेवटची रेघ मी उगाच लांबवतो, सोफ्यावरून उठायचा कंटाळा आल्यासारखी. बेथ म्हणायची, तुझा तो के जांभई देतो.

ध्वनिमुद्रणातला के जांभई देत होता. आणि प्रत्येक खुणेच्या सुरुवातीला तो आवाज, चिर्र.

मी पुन्हा लावलं, मग परत लावलं. आपला कोट दुसऱ्या माणसाच्या अंगावर बघावा, आणि तो त्याला आपल्यापेक्षा नीट बसावा, तसं वाटलं. चहा तसाच गार झाला. शेवटी माझ्या तोंडून मोठ्यानं नाव निघालं ते तेगिदचं. कारण माझा डबा त्याच्याकडे होता, आणि माझी मूठ चाळीस वर्षं ऐकलेला माणूस जगात एकच होता.

४

त्यानं कबूल करायला वेळ लावला नाही. मला वाटतं तो वाटच बघत होता.

मी हॉस्पिटलात होतो तेव्हाची गोष्ट. हजार गुण झाले की आम्हाला एक काचेचं मानचिन्ह मिळतं, आणि माझे थोडेच राहिले होते. तेगिदला वाटलं, हा काही उठत नाही, निदान हजार तरी होऊ देत. म्हणून तो माझा डबा पाठीवर घेऊन चढला, आणि माझ्या नावानं, माझ्या मुठीत, माझे डोंगर पुरे करू लागला.

मला राग आला तो चोरीचा नव्हता. मी नळ्या लावून पडलो होतो आणि हा मला मेलेला धरून माझे कपडे घालून हिंडत होता. तसं मी त्याला म्हटलंही. आणखीही म्हटलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते वसंतातलं. पण होर्स्टनं पकडलं तो मी नाही. मी तेव्हा घरी होतो. मी पण बोललो त्या आवाजाशी."

"आणि तुला वाटलं मी आहे?"

त्यानं कप बशीत फिरवून ठेवला.

"तेगिद, तुला काय वाटलं?"

"बरं वाटलं," तो म्हणाला. "खूप दिवसांनी तुझ्याशी बोलल्यासारखं वाटलं. आजारापासनं तुझा हात थरथरतो रे. तू येतोस, बसतोस, पण अर्धा कुठंतरी दुसरीकडं असतोस. तो मात्र... तो पहिल्यासारखा आहे."

नेस्टा दारात उभी होती, हातात पुसणं घेऊन. ती माझ्याकडे बघेना.

डबा कुठे आहे म्हणून मी विचारलं. माळ्यावर नव्हताच. मी डबा त्याच्याकडे सोडल्यावर तो आणखी एक खेप करून गार्न वेनच्या डोंगरावर गेला होता आणि डबा तिथेच, माथ्यावरच्या दगडांच्या राशीत ठेवून आला होता. वर ठेवलाय म्हणजे असा वर. जड झाला होता, म्हणाला. मग बाहीच्या कडेनं टेबलावरचा नसलेला डाग पुसत बसला. "मी कळेवरनं हात काढला, इद्वल. ते थांबलं नाही."

"ओल लागली की कळ चिकटते."

"चिकटली तर एक लांब रेघ येते. ते तुझं नाव पाठवत होतं."

मी उठलो. एवढा शहाणा माणूस, चोरी लपवायला भुताची गोष्ट सांगतो याचंच मला जास्त वाईट वाटलं. मी सांगून टाकलं की उद्याच्या उद्या गार्नवर जाणार आणि माझा डबा घेऊन येणार. मला वाटलं तो अडवेल. तो म्हणाला, बरं, मी गाडीनं डोंगराखालच्या फाटकापर्यंत सोडतो आणि तिथेच यंत्र लावून बसतो. नवा चहा कुठला आणावा याचाही तीन आठवडे विचार करणारा माणूस तो. इतक्या लवकर तो कधी कशाला हो म्हणत नसे, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

५

फाटकापाशी त्यानं माझ्या सॅकचे पट्टे स्वतः आवळून दिले. "बोलावलंस की मी आहे," म्हणाला. मी उत्तर दिलं नाही. रुसलो होतो. साठीतल्या माणसानं रुसून डोंगर चढू नये, दम लवकर लागतो.

अर्ध्या वाटेवर धुकं उतरलं. गार्न वेनवर ते नेहमीचंच, त्यात गूढ काही नाही. दगडांची रास हाताला लागली तेव्हाच दिसली. मी तिच्याभोवती फिरलो, वाकून फटी पाहिल्या. डबा नव्हता. राशीच्या आडोशाला खडी ओली होती, काळी. त्यात एक चौकोन तेवढा कोरडा होता, पावाच्या डब्याएवढा. पाऊस सकाळभर चालू होता. डबा उचलून फार वेळ झालेला नसणार.

कुणी गिर्यारोहक. कुणी भंगारवाला. मी मोठ्यानं म्हणालो, भंगारवाला, आणि धुक्यात तो शब्द फार जवळ वाटला.

काठी उभी केली. बोटं गारठली होती. बोंडं कानात घातली आणि झटक्यात काढून फेकली, कारण आत एवढा मोठा आवाज होता की दात हलले. चिर्र, चिर्र. माझं नाव. जांभई देणारा के.

माझ्या त्या साबणाच्या वडीला स्पेन आणि जर्मनी ऐकू येतात ते डासासारखे. एवढा मोठा आवाज म्हणजे पाठवणारा जवळच होता. किती जवळ ते तपासायची एक साधी युक्ती आहे. मी रेडिओची तार काढून टाकली. तार काढली की सगळं जग जातं, बाजूच्या दरीतला माणूससुद्धा. जग गेलं. तो गेला नाही. तारेशिवाय ऐकू यायला तो याच माथ्यावर हवा होता, दगड फेकला तर लागेल इतका.

मी धुक्याकडे पाहिलं नाही. खाली मान घालून रेडिओकडेच पाहत तार पुन्हा लावली, बोंडं कानाजवळ धरली आणि तो काय बोलतोय ते ऐकलं. तो तेगिदशी बोलत होता. माथ्यावर पोचलो, ठीक आहे, सॅक हलकी बरी पडली, तू म्हणत होतास तेच खरं. तेगिद खालून हसण्याची खूण पाठवत होता.

६

मग छातीत ते आलं. वसंतात आलं होतं तसंच, डाव्या जबड्यापासून खाली. मी गुडघ्यांवर बसलो, जिभेखाली गोळी ठेवली आणि हलक्या कळेवर बोट टेकवलं. तेगिद, मी इद्वल. दुखतंय. माणसं घेऊन ये.

बोट थरथरत होतं. टिंबं जास्तीची पडत होती. माझंच नाव मला वाचता आलं नसतं. पण तेगिदनं वाचलं. तो एकदम थांबला, आणि मग त्यानं फार हळू, पोराला शिकवावं तसं पाठवलं, दोघं आहात का?

मी पाठवलं, खरा मी आहे. त्याच क्षणी दुसरीकडून काहीच आलं नाही. माझ्यासारखी घाई त्या दुसऱ्यानं केली नाही, आणि त्यामुळे खोटा मीच वाटलो असणार.

तेगिदनं विचारलं, बेथची अंगठी कुठे आहे?

हे फक्त आम्हा दोघांना माहीत. तिच्या अंत्यविधीनंतर ती मी याच राशीत, तळाच्या दगडाखाली ठेवली होती, आणि तेगिद तेव्हा पाठ वळवून उभा राहिला होता. उत्तर एका शब्दाचं होतं, इथे. मी सुरुवात केली. पहिलं टिंब पडलं, बोट घसरलं, पुसून पुन्हा सुरू केलं.

चिर्र, इथे. स्वच्छ, न चुकता, माझ्या तरुण हातानं. आणि मागून, ती जांभई.

माझा शब्द पुरा झाला तेव्हा कुणी ऐकत होतं की नाही कोण जाणे. मी तो दोनदा पाठवला, तीनदा पाठवला. शेवटी तेगिदचं उत्तर आलं. त्याची मूठ मी कुठेही ओळखेन, तो पण मला ओळखतो, आणि म्हणूनच सांगतो की ते उत्तर त्यानं चुकून पाठवलेलं नाही. प्रत्येक खूण नीट, जागच्या जागी.

बी-फोर.

मी हाका मारत राहिलो. त्यानं यंत्र बंद केलं होतं. बंद केल्यावर कानात जी एक पोकळी होते ती आम्हा लोकांना लगेच कळते. माझ्या मागे खडी वाजली. कुणीतरी ओझं खांद्यावर चढवलं, पट्टा आवळला, आणि उतरायला लागलं.

७

गोळीनं दुखणं जरा बसलं. मी सगळं सामान तिथेच टाकलं आणि निघालो. बसत, सरकत, हाताच्या आधारानं. पुढे धुक्यात ती पावलं चालली होती, जड, एका लयीत, दम घ्यायला न थांबता. मी पूर्वी असाच उतरायचो. एकदा मला वाटलं हाक मारावी. पण काय नावानं मारायची?

खाली आलो तेव्हा उजेड होता, पाऊस पुन्हा चालू झाला होता. फाटकापलीकडे तेगिदची गाडी उभी होती, इंजिन चालू, काचा आतून वाफाळलेल्या. एवढं बरं वाटलं मला ती बघून, की रडू आलं. झालं गेलं सगळं मी त्या क्षणी माफ केलं, खरंच केलं. फाटकाला धरून मी उभा राहिलो आणि हात वर केला.

तेगिदनं बाहीनं काच पुसली. आमच्यात मोजून चार पावलं होती. शेजारच्या सीटवर कुणीतरी बसलं होतं. मला दिसला तो एक ओला खांदा, आणि मांडीवर घट्ट धरलेला पत्र्याचा कोपरा. खांद्याच्या वरचं मी बघू शकत होतो. बघितलं नाही. मी तेगिदकडेच बघत होतो.

त्यानं मला ओळखलं. मी कसलीही शपथ घेऊन सांगेन, ओळखलं. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. जेवण आटोपल्यावर दारात पाहुणा आला की यजमानाचं जसं होतं तसं झालं होतं त्याचं. त्यानं शेजारी वळून काहीतरी विचारलं. शेजारच्या खांद्यानं, नाही, असं केलं. तेगिदनं मान डोलावली आणि त्याच्यासमोरून हात लांब करून पलीकडचं दार आतून लावून घेतलं. मग आपलं. दोन्ही खटके मला ऐकू आले.

गाडी निघाली. सावकाश निघाली, चिखल माझ्या अंगावर उडू नये एवढी काळजी घेऊन. चाळीस वर्षांत तेगिदनं मला पावसात कधी उभं केलं नव्हतं.